कर्ज देणाऱ्याची नजर तुमच्या कमाईवर आहे की घरावर?

गेल्या पावसाळ्यात पारोळा तालुक्यातल्या एका गावाहून एक जोडपं माझ्याकडे आलं. मी अमळनेरला लोकांच्या आयकर-जीएसटीच्या फायली करतो, त्यामुळे कर्जाचे कागद घेऊन येणारेही बरेच असतात. दादांचा छोटा हत्ती आहे, भाड्याने माल वाहतात. ताई घरी शिलाई करतात. गावठाणातल्या जुन्या मातीच्या घराच्या जागी त्यांनी दोन पक्क्या खोल्या बांधल्या होत्या आणि त्यासाठी एका खासगी कंपनीचं कर्ज काढलं होतं. ताईंनी कॅरीबॅगमधून फाइल काढली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "भाऊ, तीन वर्षांत एक हप्ता चुकवला नाही. मग कर्ज उतरत का नाही?"

मी स्टेटमेंट उघडलं. कर्ज 6 लाख, मुदत 15 वर्षं, व्याज 17 टक्के, हप्ता 9,234 रुपये. पहिल्या हप्त्यातले 8,500 रुपये व्याजात गेले होते आणि मुद्दल फिटलं होतं 734 रुपये. 36 हप्ते, म्हणजे जवळजवळ 3 लाख 32 हजार रुपये भरून झाले होते आणि मुद्दल अजून 5 लाख 66 हजारांच्या घरात होतं. तीन वर्षांच्या घामातून 34 हजार कर्ज उतरलं होतं.

मग पहिल्या पानाकडे वळलो. मंजूर 6 लाख झाले, पण खात्यावर आले होते 5,44,900. मधले 55,100 कुठे गेले? प्रोसेसिंग फी अडीच टक्के आणि त्यावर जीएसटी मिळून 17,700, "लीगल-टेक्निकल"चे 5,900 आणि विम्याचा हप्ता 31,500. हे सगळं आधीच कापून घेतलेलं, पण व्याज मात्र पूर्ण 6 लाखांवर. हातात पडलेल्या रकमेवर हिशेब केला तर 17 टक्क्यांचं कर्ज 19 टक्क्यांच्याही वर जात होतं. विमा काढलाय हे दोघांनाही माहीत नव्हतं. दादा खाली मान घालून म्हणाले, "त्यासनी सांगं, आठे सही कर. मी करी टाकी." (त्यांनी सांगितलं, इथे सही कर. मी करून टाकली.)

हा लेख त्या एका वाक्यासाठी लिहितोय. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अशी "करी टाकी" म्हणणारी घरं मी पाहिली आहेत. ती माणसं अडाणी नव्हती. घाई होती आणि समोरचा गोड बोलत होता, एवढंच.

महाग कर्ज आणि लुबाडणारं कर्ज यांत फरक आहे. दर जास्त असला तरी काही कर्जं सरळ असतात. देणारा तुमची कमाई तपासतो, हप्ता झेपेल का ते बघतो आणि सगळा खर्च आधी कागदावर मांडतो. लुबाडणाऱ्याला तुमच्या कमाईत रस नसतो. तो घर बघतो, जागा रस्त्यावर आहे का बघतो, किंमत काढतो. तुम्ही हप्ता फेडला तर व्याज मिळेल, नाही फेडला तर घर मिळेल, दोन्हीकडून त्याचंच भलं. म्हणून कोणी "उत्पन्नाचा कागद नको, फक्त घराचा उतारा आणा" असं म्हणालं की लोकांना ती सोय वाटते, आणि मला तिथेच भीती वाटते.

टक्का कोणता, महिन्याचा की वर्षाचा?

आपल्याकडे व्याज शेकड्याने आणि महिन्याने बोलतात. "तीन टक्क्याने घेतले" म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये, वर्षाला 36 टक्के. कंपनी बोलते वर्षाच्या टक्क्यात. मग तीन टक्क्याच्या सावकाराची सवय झालेल्या माणसाला एजंट सांगतो, "आपलं फक्त दीड टक्का पडतं." ते 18 टक्के वार्षिक असतं. सावकारापेक्षा ते स्वस्त हे खरंच, पण तुलना सावकाराशी करायचीच कशाला? दादांच्या त्याच 6 लाखांना 9 टक्क्यांनी 15 वर्षांचा हप्ता 6,086 रुपये बसला असता. महिन्याला 3,148 रुपयांचा फरक, आणि 15 वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त. त्यात दुसरं घर उभं राहिलं असतं.

दुसरा घोळ "फ्लॅट" दराचा. समजा 5 लाख, 10 वर्षं, दर 10 टक्के. बँकेच्या पद्धतीत जेवढं मुद्दल शिल्लक तेवढ्यावरच व्याज लागतं, त्याला घटत्या शिलकीचं व्याज म्हणतात. तो हप्ता येतो साधारण 6,608. फ्लॅट पद्धतीत दहाही वर्षं पूर्ण 5 लाखांवर व्याज धरतात, तुम्ही निम्मं फेडलं असलं तरी. हप्ता येतो 8,333. तोंडी दोन्ही "दहा टक्के", पण दुसऱ्याचा खरा दर 16 टक्क्यांच्या आसपास पडतो. म्हणून "टक्का किती?" एवढंच विचारू नका. हप्ता किती, किती महिने, आणि माझ्या हातात नेमके किती पडणार, हे तीन आकडे लिहून मागा. हप्त्याला महिन्यांनी गुणा, त्यातून हातात पडलेली रक्कम वजा करा. जे उरेल ती त्या कर्जाची खरी किंमत. कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये आहेच.

एक कागद, जो मागितलाच पाहिजे

रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासून घरकर्जासह सगळ्या किरकोळ मुदत कर्जांना मुख्य तथ्य विवरण देणं बंधनकारक केलंय. बँक असो, गृहवित्त कंपनी असो की एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी), करारावर सही घेण्याआधी हा कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यायचा असतो. त्यात कर्जाची रक्कम, हप्ते, सगळी शुल्कं, वसुली एजंट लावण्याची अट, तक्रार कुणाकडे करायची हे सगळं येतं. सगळ्यात महत्त्वाचा आकडा एपीआर, म्हणजे शुल्कं आणि विमा धरून वर्षाला खरोखर पडणारा दर. दोन ठिकाणची कर्जं तोलायची तर जाहिरातीतल्या दरावर जाऊ नका, एपीआर शेजारी शेजारी ठेवा. या कागदात जे शुल्क नाही, ते नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

आमच्या दादांचं कर्ज त्याआधीचं, म्हणून त्यांच्या फाइलमध्ये हा कागद नव्हता. आज कर्ज काढणाऱ्याकडे तो नसेल तर त्याने तिथेच थांबावं.

विम्याबद्दल लोक मला रागाने विचारतात, म्हणून नीट सांगतो. कर्जदार गेला तर घर वाचावं यासाठी विमा ही चांगली गोष्ट आहे. पण ठरावीक कंपनीचाच घ्या, नाहीतर फाइल पास होणार नाही, ही जबरदस्ती झाली. त्यात प्रीमियम कर्जातच मिळवला तर 31,500 च्या विम्यावर तुम्ही 15 वर्षं व्याज भरता. न सांगता पॉलिसी काढली असेल तर ती हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. ताईंची ती मुदत केव्हाच उलटून गेली होती.

बाकीच्या काही खुणा पटकन सांगतो. कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मागणं. कराराची प्रत "नंतर देतो" म्हणणं. कर्ज मंजूर व्हायच्या आधीच एजंटने स्वतःच्या फोनपेवर "फाइल चार्ज" घेणं. चेक दिला वीस तारखेला आणि व्याज लावलं एक तारखेपासून, हेही होतं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2024 मध्ये अशा पद्धतींवर बोट ठेवून जास्तीचं व्याज परत करायला सांगितलं होतं. हप्ता चुकला तर दंड लावता येतो, पण 1 एप्रिल 2024 पासूनच्या नव्या कर्जांना तो दंडव्याज म्हणून लावता येत नाही आणि दंडावर व्याजही चढवता येत नाही.

बँक नाही म्हणते तेव्हा

माणूस महागड्या दाराशी का जातो? आपल्या भागात याचं उत्तर बहुतेक वेळा कागदात सापडतं. घर गावठाणात, हातात फक्त ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टीचा उतारा. तोही आजोबांच्या नावावर, वारस नोंद केलेली नाही. भावाभावांची वाटणी तोंडी. कमाई रोखीची, रिटर्न कधी भरलेलं नाही. बँकेचा माणूस चहा पाजून परत पाठवतो आणि गल्लीतच एजंट भेटतो, "मी करून देतो." त्या "करून देतो"ची किंमत म्हणजे 9 ऐवजी 17 टक्के. कागद दुरुस्त करायला सहा महिने लागतील, पण त्या सहा महिन्यांचं मोल लाखांत आहे. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घरांची सनद आणि मिळकत पत्रिका तयार होतायत. तुमच्या गावाची झाली का ते भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. वारस नोंद करून घ्या. उत्पन्न करपात्र नसलं तरी दोन वर्षं रिटर्न भरा. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो काढून बघा. मी असे अहवाल पाहिले आहेत ज्यात तिसऱ्याच कुणाचं तरी थकलेलं कर्ज आपल्या माणसाच्या नावावर चढलेलं होतं.

आणि घाई. "आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत घरभरणी करायची" म्हणून मार्चमध्ये पैसे लागतात. एजंटला हे तुमच्याइतकंच माहीत असतं. "ऑफर आजच संपते" हे वाक्य तो उगाच म्हणत नाही.

शेतकऱ्याचा आणखी एक प्रश्न आहे, ज्याकडे मला वाटतं पुरेसं लक्ष दिलं जात नाही. कापसाचा पैसा येतो दिवाळीपासून पुढे दोन-तीन महिने. रावेर-यावलच्या केळीवाल्याचा पैसा कटाईच्या वेळी येतो, तोही भाव पडला नाही किंवा वादळाने बाग लोळवली नाही तर. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. मग जून-जुलैत, बी-बियाण्याच्या दिवसांत, हप्ता भरायला माणूस सावकाराकडून उचल घेतो आणि एका कर्जाच्या पोटात दुसरं जन्माला येतं. कर्ज देणाऱ्याने तुमचा पैसा कोणत्या महिन्यात येतो हे विचारलंच नाही, तर तो तुमची कमाई बघतच नाहीये. तुम्ही स्वतः मात्र बघा. सर्वात कोरड्या महिन्यात हप्ता निघेल का, यावर रक्कम ठरवा.

खरेदीखत, "नावापुरतं"

आता सगळ्यात वाईट प्रकाराकडे येतो. इथे कंपनी नसते, ओळखीचा माणूस असतो. मुलीचं लग्न, दवाखाना, घराचं अर्धवट काम. तो दोन-तीन लाख द्यायला तयार होतो आणि म्हणतो, "गहाणखत कशाला, खर्च वाढतो. खरेदीखतच करू, नावापुरतं. पैसे आणून दे, उलट खरेदी करून देतो." दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात फोटो होतो, अंगठा होतो आणि घर कायद्याने त्याचं होतं. तुम्ही मात्र त्याच घरात राहून दर महिन्याला व्याज देत असता आणि समजता की घर गहाण आहे.

मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा आहे. त्याच्या कलम 58(क) मध्ये शर्तीच्या विक्रीने होणाऱ्या गहाणाची तरतूद आहे, पण पैसे दिल्यावर मिळकत परत करण्याची शर्त त्याच खरेदीखतात लिहिलेली असली पाहिजे. ती वेगळ्या कागदावर असेल किंवा पाच माणसांसमोर तोंडी बोललेली असेल, तर या कलमाखाली तो व्यवहार गहाण ठरत नाही. ज्याने मनापासून कर्ज दिलंय त्याला "गहाणखत" हा शब्द कागदावर यायला हरकत का असावी? त्याने टाळाटाळ केली की समजा, त्याला घरच हवंय. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांच्याबाबतही हेच.

फसगत झालीच असेल तर दार बंद नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकालाही दर ठरवून दिलेत: शेतकऱ्याला तारण कर्ज वर्षाला 9 टक्के आणि विनातारण 12, इतरांना तारण 15 आणि विनातारण 18. चक्रवाढ व्याज लावता येत नाही. म्हणजे "तीन टक्के शेकडा" हा कायद्यातल्या सगळ्यात चढ्या दराच्याही दुप्पट आहे. याच कायद्याच्या कलम 18 खाली, सावकारीच्या व्यवहारातून गेल्या 15 वर्षांत बळकावलेली मिळकत परत मागण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या जिल्हा कार्यालयात, अर्ज करता येतो. चौकशीत तो व्यवहार सावकारीचाच होता हे पटलं, तर खरेदीखत रद्द ठरवून मिळकत परत देण्याचा आदेश होऊ शकतो.

तिथे पुरावा लागतो आणि तो बहुतेकांच्या घरात असतो, फक्त जपलेला नसतो. दर महिन्याला त्याच तारखेला तेवढीच रक्कम गेल्याच्या बँकेच्या नोंदी. व्याजाची आठवण करणारे त्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. खरेदीनंतरही घरपट्टी आणि वीजबिल तुमच्याच नावाने भरल्याच्या पावत्या. बाजारभाव 12 लाखांचा असताना खरेदीखतात 3 लाख लिहिलेले. विकणारा माणूस विकलेल्या घराची घरपट्टी वर्षानुवर्षं का भरेल? म्हणून व्याज कधीही रोखीने, विनापावती देऊ नका.

नंदुरबार आणि शिरपूर-चोपड्याकडच्या आदिवासी कुटुंबांसाठी एक गोष्ट वेगळी. जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36अ प्रमाणे आदिवासीची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला जात नाही. "तुझी जमीन आता माझी" अशा कोऱ्या स्टॅम्पपेपरच्या धमकीला घाबरून जागा सोडू नका, आधी तहसील कार्यालयात जा.

हप्ते थकले तर

90 दिवस थकबाकी राहिली की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. त्यानंतर बँक किंवा गृहवित्त कंपनी 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस पाठवू शकते. इथे आपली माणसं मोठी चूक करतात, पोस्टमनला नोटीस परत पाठवतात. नोटीस परत केल्याने थांबत नाही, ती दारावर चिकटते आणि वर्तमानपत्रात छापून येते. नोटीस घ्या, त्या 60 दिवसांत लेखी हरकत द्या. रक्कम चुकीची असेल, भरलेले हप्ते धरले नसतील तर ते लिहा. त्यांना 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. पुढे ताब्याची कारवाई झाली तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांत बदनामी करायची नाही. फोन आला तर तारीख-वेळ वहीत लिहा.

तक्रार आधी त्याच संस्थेकडे लेखी करा आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर बँकेविरुद्ध आणि बहुतेक एनबीएफसींविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी फोन 14448. गृहवित्त कंपनी असेल तर राष्ट्रीय आवास बँकेकडे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, त्यांचं दार सहकार निबंधकाचं. म्हणून कर्ज घेतानाच पावतीवर नीट वाचा, समोरची संस्था यांपैकी नेमकी कोण आहे.

त्या दिवशी ताईंना मी एवढंच सांगितलं की, तुम्ही 36 हप्ते वेळेवर भरलेत, हीच आता तुमची पत आहे. व्याज फ्लोटिंग, म्हणजे वेळोवेळी बदलणारं, होतं. घरासाठी व्यक्तीच्या नावावर असलेल्या अशा कर्जाला मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, मग पैसे दुसऱ्या बँकेने भरले तरीही. त्यांच्या गावची ड्रोन मोजणी झालेली होती, मिळकत पत्रिका मिळाली. दादांचं दोन वर्षांचं रिटर्न भरलं. कंपनीकडे कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र मागितलं. दोनदा तोंडी मागून "सिस्टिम बंद आहे" असं ऐकलं, तिसऱ्यांदा लेखी अर्ज देऊन पोच घेतली, तेव्हा बाराव्या दिवशी मिळालं. एका बँकेने कर्ज उचललं आणि हप्ता बराच खाली आला.

जुनी कंपनी मूळ कागद द्यायला रेंगाळत होती. पूर्ण फेड झाल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा 1 डिसेंबर 2023 पासूनचा नियम आहे. ताईंनी तो नियम वहीच्या पानावर लिहून नेला आणि काउंटरवर वाचून दाखवला. त्यांच्याकडे कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादीही होती, एजंटकडून सही करून घेतलेली. ती यादी मागायची कशी सुचली, असं मी विचारलं. म्हणाल्या, "शिलाईला कापड घेताना मी पण लिहून देते ना भाऊ, किती मीटर आलं ते."